दोन नंबरचा माल की तस्करीचा? इतवारीतल्या सुपारीचं एक प्रकरण

प्रकरण सुपारीचं आहे, त्यामुळे नागपूरच्या वाचकाला अर्धी गोष्ट इथेच कळली असेल. भंडारा रोडने रात्री शहरात शिरणारा ट्रक, पारडीजवळ पोलिसांनी केलेली तपासणी, ताडपत्रीखाली तीनशे पोती आणि सकाळच्या पेपरात ‘सुपारी तस्करीचा डाव उधळला’. माल इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याचा होता. वकील म्हणून त्याची बाजू मी मांडली. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि काही तपशील बदलले आहेत, कायद्याचा भाग तेवढा जसाच्या तसा आहे.

निकाल फार मोठा लागला म्हणून हे लिहीत नाही. निकाल अर्धामुर्धाच लागला. पण एकाच ट्रकमधल्या मालाला चार खात्यांनी, पेपरवाल्यांनी आणि खुद्द मालकाने वेगवेगळी नावं दिली. त्यातलं एक नाव पहिल्याच दिवशी कागदावर चढलं आणि पुढचे कित्येक महिने सगळे त्याच नावाशी झुंजत बसले. नव्या वकिलांना, कर सल्लागारांना आणि गुन्हेवार्ता लिहिणाऱ्यांना त्यातून काही घेता येईल.

गाडीत काय होतं

आसामातल्या एका पेढीचं बिल होतं, बिल्टी म्हणजे वाहतुकीची पावती होती, जीएसटीसाठी मालाबरोबर लागणारं ई-वे बिल होतं. तिन्ही कागदांवर पोती २१०. धर्मकाट्यावर वजन जास्त भरलं म्हणून मोजणी झाली, तर पोती ३००. म्हणजे नव्वद पोत्यांना कागदच नाही. त्यात हमालांनी पोती उतरवताना आणखी एक गोष्ट दिसली. बावीस पोत्यांना दुहेरी बारदान होतं. वरचं साधं, पांढरं. आतल्यावर काहीतरी छापलेलं होतं आणि त्यावर काळा रंग फासलेला होता. तोंडाची शिलाईही हाताची, सुतळीची. बाकीच्या पोत्यांची शिलाई मशीनची होती.

पंचनाम्यात हे बारदानाचं वर्णन फक्त दीड ओळीत आहे. ‘तस्करीची सडकी सुपारी’ हे शब्द मात्र चार वेळा आले आहेत.

‘सडकी सुपारी’ हा नागपूरचा खास शब्द. बुरशी लागलेली, पाणी लागलेली, हलक्या प्रतीची सुपारी गंधकाची धुरी देऊन पांढरी करायची आणि खर्ऱ्यासाठी, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणासाठी, बाजारात सोडायची, या धंद्यावर इथे वर्षानुवर्षं छापे पडतात. पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटून देणाऱ्याला सुपारी कुठून आली हे ठाऊक नसतं आणि घेणारा विचारत नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. ती सडकी नसली तरी. हा मुद्दा आपल्याकडे कोणत्याच पंचनाम्यात येत नाही, असो.

सांगायचं असं की ‘सडकी’ हे प्रतीबद्दलचं विधान आहे आणि ‘तस्करीची’ हे वाटेबद्दलचं. चांगली सुपारी तस्करीची असू शकते, सडकी सुपारी अस्सल देशी असू शकते. पोलिसांच्या त्या ओळीत दोन्ही शब्द शेजारी बसले आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात एकमेकांना टेकू देऊ लागले.

सुपारीचीच तस्करी का होते

भारत सुपारीचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक. कर्नाटक, केरळ, आसाम ही मुख्य राज्यं. तरीही बाहेरची सुपारी येते, कारण आग्नेय आशियात ती स्वस्त पडते. देशी बागायतदाराला वाचवण्यासाठी केंद्राने दोन कुंपणं घातली आहेत. एक म्हणजे १०० टक्के मूळ सीमाशुल्क. दुसरं म्हणजे किमान आयात किंमत. ती आधी किलोला २५१ रुपये होती, फेब्रुवारी २०२३ पासून ३५१ आहे. विमा-भाड्यासह किंमत याच्या खाली असेल तर ती सुपारी आयात करायलाच बंदी. शुल्क भरायची तयारी असली तरी ती नियमाने आणता येत नाही.

मग दोन वाटा उरतात. पहिली, बंदरातूनच आणायची पण कागदावर देश बदलायचा. दक्षिण आशियाई देशांशी असलेल्या मुक्त व्यापार करारांखाली शुल्कात सवलत मिळते, म्हणून इंडोनेशियाची सुपारी शेजारी देशाची दाखवायची. दुसरी वाट म्यानमारच्या हद्दीतून मिझोराम, तिथून आसाम आणि मग ट्रकने खाली. नागपूर या दोन्ही वाटांच्या शेवटी आहे, कारण माल खपतो इथे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा विषय गाजला. त्यानंतर २०२१ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला आणि पुढे सक्तवसुली संचालनालयानेही नागपूर, गोंदियात झडत्या घेतल्या.

ही पार्श्वभूमी असल्यामुळे ईशान्येकडून येणाऱ्या सुपारीच्या प्रत्येक ट्रककडे संशयाने पाहिलं जातं. त्यात गैर काही नाही. अडचण एवढीच की आसामात सुपारी खरोखरच पिकते आणि तीही त्याच रस्त्याने येते.

चार खाती, चार नावं

पोलिसांनी माल ताब्यात घेतला तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली. चोरीचा असल्याचा संशय असलेला किंवा कुठल्याही गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेला माल पोलिसांना त्याखाली ताब्यात घेता येतो. या मालासाठी पोलिसांकडे एक उत्तम शब्द आहे: मुद्देमाल. त्यात कुठलाही आरोप नाही. खटल्याच्या मुद्द्याशी संबंधित माल, बस. जमादाराने पंचनाम्यात ‘मुद्देमाल’ लिहून सोडलं असतं तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

जीएसटीच्या अधिकाऱ्यांनी त्याला ‘बिनबिलाचा माल’ म्हटलं आणि त्यांचं बरोबर होतं. नव्वद पोत्यांना ई-वे बिल नव्हतं. कलम १२९ खाली मालक पुढे आला तर देय कराच्या दुप्पट दंड पडतो. सुपारीवर कर ५ टक्के, म्हणजे किमतीच्या १० टक्के. व्यापाऱ्याने तो भरला. इथे वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि मी घातलाही नाही.

अन्न व औषध प्रशासनाने नमुने घेतले. त्यांच्या कायद्यात, म्हणजे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात, ‘तस्करी’ हा विषयच नाही. माल असुरक्षित आहे का, कमी प्रतीचा आहे का, लेबल चुकीचं आहे का, एवढंच ते पाहतात. माल कुठल्या देशातून आला याच्याशी त्या तपासणीला कर्तव्य नाही.

राहिलं सीमाशुल्क. ‘तस्करी’ या शब्दाला कायद्याने ठरवलेला अर्थ या प्रकरणात फक्त त्यांच्याकडे होता. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम २(३९) मध्ये तो आहे. ज्या कृतीमुळे, किंवा कृती न केल्यामुळे, माल कलम १११ किंवा ११३ खाली सरकारजमा होण्यास पात्र ठरतो, ती तस्करी. व्याख्या स्वतः काहीच सांगत नाही, बोट दाखवून कलम १११ कडे पाठवते. तिथे गेलं की लांबलचक यादी भेटते: ठरलेल्या मार्गाखेरीज दुसऱ्या मार्गाने आणलेला माल, बंदी असताना आणलेला माल, जाहीर केलेल्या किमतीशी न जुळणारा माल आणि असंच बरंच काही. त्यामुळे रात्री होडीतून उतरवलेलं सोनं तस्करीचं ठरतं, आणि दिवसाढवळ्या बंदरात रीतसर कागद भरून, फक्त किंमत खोटी लिहून सोडवलेला कंटेनरही त्याच व्याख्येत बसू शकतो.

वकिलासाठी यातली कामाची गोष्ट अशी की ‘माल तस्करीचा आहे’ एवढं म्हणून खात्याला सुटता येत नाही. कलम १११ चं नेमकं कोणतं उपकलम, हे सांगावं लागतं. आम्हाला आलेल्या नोटिशीत (ब) आणि (ड) होती, म्हणजे चुकीची वाट आणि बंदी.

इथे बोलभाषेकडे थोडं वळतो, कारण प्रकरणाचा गुंता तिथेच आहे. ‘तस्कर’ हा संस्कृतातला जुना शब्द, अर्थ साधा चोर. मराठीत जुन्या कागदपत्रांत ‘चोरटी आयात’, ‘चोरटा व्यापार’ असे प्रयोग दिसतात. ‘तस्करी’ आता सर्रास झाली आणि तिचा पसारा इतका वाढला की देशाची सीमा तिच्यातून गळूनच पडली. नागपूरच्या पेपरात आठवडाभर नुसते मथळे वाचा. रेती तस्करी, गांजा तस्करी, गुटखा तस्करी, जनावरांची तस्करी, सागवानाची तस्करी. रेती कुठून आली, तर कन्हान नदीतून. तिने कुठलीही सीमा ओलांडलेली नसते. तिथे स्वामित्वधन (रॉयल्टी) न भरता केलेली चोरी असते आणि कारवाई महसूल कायद्याखाली होते.

दारूचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. नागपुरात परवानाधारक दुकानातून घेतलेली, उत्पादन शुल्क भरलेली, बिलासकट असलेली बाटली बुटीबोरीपर्यंत निव्वळ बाटली असते. पुढे वर्धा जिल्ह्याची हद्द लागली की ती ‘दारू तस्करी’ होते, कारण वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, म्हणजे मधली सहा वर्षं वरोऱ्याकडे जाणारी तीच बाटली तस्करीची होती आणि आता नाही. बाटलीत काहीही बदललं नाही. लोकांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ ‘जिथे नको तिथे नेलेला माल’ एवढा सैल झाला आहे आणि बोलण्यापुरता तो ठीकही आहे. जबाबात तो आला की मात्र कलम २(३९) चा घट्ट अंगरखा त्याच्यावर चढतो.

जबाब

आता व्यापाऱ्याचा जबाब. सीमाशुल्काच्या तपास पथकाने त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलावलं आणि सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०८ खाली जबाब नोंदवला. हा जबाब पोलिसांपुढच्या जबाबासारखा नसतो. सीमाशुल्क अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही, ही येते. इतवारीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा फरक कुणी सांगितलेला नसतो.

जबाब हिंदीत टाइप केलेला होता. तिसऱ्या पानावर ओळ होती: ‘उक्त सुपारी तस्करी की है, यह बात मुझे ज्ञात थी।’ खाली सही, मराठीत.

तो माझ्याकडे आला तेव्हा पहिला प्रश्न त्याचाच होता.

‘वकीलसाहेब, मी तस्कर हाय का जी?’

‘जबाबात तुम्हीच म्हटलंय, भाऊ. माल तस्करीचा आहे हे ठाऊक होतं म्हणून.’

‘मी कायले असं म्हणू? मी म्हटलं, नव्वद पोते दोन नंबरचे हायेत. बिल नाही फाडलं त्याचं. ते लिहून राहिले, मी सही करून देली.’

इतवारीच्या गद्दीवर ‘दोन नंबरचा माल’ म्हणजे काय, हे बाजारात चार वर्षं काढलेल्या पोरालाही ठाऊक असतं. एक नंबरचा माल पक्क्या बिलाचा. दोन नंबरचा कच्च्या चिठ्ठीवर, रोखीने, कर चुकवून आलेला. ती सुपारी मंगळूरची असेल, आसामची असेल, परदेशातली असेल, शब्दाला त्याची फिकीर नाही. माल खात्यावर चढला की नाही, एवढंच तो शब्द सांगतो. करचुकवेगिरीची ती कबुली होतीच आणि तिचा दंड व्यापाऱ्याने भरला. पण मराठीतला ‘दोन नंबर’ हिंदी टाइप होताना ‘तस्करी’ झाला, आणि पाच ते दहा टक्क्यांचा मामला उचलून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या कलम १३५ च्या दारात नेऊन ठेवला. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. त्याच्या रोजच्या कामात दोन्ही शब्द एकाच फायलीत येत असणार.

आम्ही त्याच दिवशी जबाब मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. अशा पत्रात वकील सहसा ‘दबावाखाली जबाब घेतला’ असं ठोकून देतात. मारहाण, धमकी यातलं काहीच झालेलं नव्हतं, आणि जे घडलं नाही ते लिहिलं की जे घडलं तेही कुणी मानत नाही. आम्ही फक्त हे लिहिलं: मी मराठीत बोललो, ‘दोन नंबरचा’ हे शब्द वापरले, त्याचा अर्थ बिनबिलाचा असा आहे, तस्करीबद्दल मला काही विचारलं गेलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. पत्र टपालाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवलं. जबाब मागे घ्यायला जितका उशीर, तितकी त्या पत्राची किंमत कमी.

सिद्ध कुणी करायचं

सोनं असतं तर ही सगळी चर्चा निराळी झाली असती. कलम १२३ म्हणतं की सोनं, घड्याळं आणि सरकारने अधिसूचित केलेला इतर माल तस्करीचा असल्याच्या वाजवी समजुतीने जप्त झाला, तर तो तस्करीचा नाही हे ज्याच्याकडे सापडला त्याने सिद्ध करायचं. सोनेगावच्या विमानतळावर पेस्ट करून आणलेलं सोनं सापडतं तेव्हा अधिकारी निवांत असतात ते यामुळेच.

सुपारी त्या यादीत नाही. म्हणून ती परदेशी आहे आणि चुकीच्या वाटेने आली, हे खात्याने दाखवायचं. आमचा बचाव एवढ्या एका पायावर उभा होता.

खात्याकडे चार गोष्टी होत्या: व्यापाऱ्याचा जबाब, सौद्यातल्या दलालाचा जबाब, सुपारी परदेशी वाटते असं सांगणारा एक अहवाल, आणि बावीस पोत्यांचं बारदान. अहवाल फार टिकला नाही. प्रयोगशाळेत ओलावा कळतो, बुरशी कळते, कीड कळते. देश कळत नाही. उच्च न्यायालयांनी आणि न्यायाधिकरणाने सुपारीच्या एकाहून अधिक प्रकरणांत अशा अहवालांवर विसंबायला नकार दिला आहे. सुनावणीत व्यापाऱ्याने अडकित्त्याने दोन सुपाऱ्या कापून अधिकाऱ्यापुढे ठेवल्या. एक जप्त मालातली, एक दुकानातली, बिल असलेली आसामची. आतला तपकिरी-पांढरा नक्षा दोन्हींत सारखाच दिसत होता. हा काही पुरावा नव्हे, पण डोळ्यांनी पाहून देश ओळखता येतो हा दावा त्यानंतर कुणी पुढे रेटला नाही.

जबाबांसाठी आम्ही कलम १३८ब चा आधार घेऊन उलटतपासणी मागितली. दलाल आलाच नाही, म्हणून त्याचा जबाब बाजूला पडला. जबाब नोंदवणारा अधिकारी आला. सरळ माणूस होता. व्यापारी कोणत्या भाषेत बोलला? मराठीत. जबाब कोणत्या भाषेत? हिंदीत. ‘तस्करी’ हा शब्द त्याने उच्चारला का? आठवत नाही, पण आशय तोच होता. आम्हाला हवं ते उत्तर याच वाक्याच्या उत्तरार्धात होतं. आशय कुणी ठरवला, हाच तर वाद होता.

खात्याच्या बाजूने एक भक्कम निकाल आहे, तो लपवून चालत नाही: कलेक्टर ऑफ कस्टम्स, मद्रास विरुद्ध डी. भूरमल, १९७४. कलम १२३ लागू नसलेल्या मालाबाबतही खात्याला गणिती अचूकतेने सगळं सिद्ध करावं लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. परिस्थितीजन्य पुरावा पुरतो, आणि जी गोष्ट फक्त मालकालाच ठाऊक असू शकते तिचा खुलासा त्याने केला नाही तर ते त्याच्याविरुद्ध जातं. बारदानाबाबत व्यापाऱ्याकडे खुलासा नव्हता. ‘माल भरताना आम्ही थोडीच तिथं होतो’ यापलीकडे तो गेला नाही. वर बिलातला भाव त्या आठवड्याच्या बाजारभावापेक्षा बराच खाली होता. मला विचाराल तर ती सगळी तीनशे पोती आसामच्या बागेतलीच होती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की बावीस पोत्यांबद्दलचा संशय दोनशे अठ्ठ्याहत्तर पोत्यांवर पसरवता येत नाही.

जप्त म्हणजे सरकारजमा नव्हे

मधल्या काळात व्यापाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते आणखी एका शब्दामुळे. पेपरात ‘माल जप्त’ आलं आणि त्याच्या पुरवठादारांनी माल गेलाच असं धरलं. कायद्यात दोन टप्पे आहेत. कलम ११० खाली खातं माल ताब्यात घेतं, मालकी मालकाचीच राहते. नोटीस, सुनावणी, आदेश झाल्यावर माल सरकारजमा होतो, तेव्हा मालकी जाते. मराठीत दोन्हींना ‘जप्ती’च म्हणतात आणि ‘सरकारजमा’ हा नेमका, जुना, सगळ्यांना कळणारा शब्द धूळ खात पडून आहे. आम्ही दोन मोठ्या पुरवठादारांना लेखी कळवलं की माल अजून याच पेढीचा आहे. एकाने मानलं, दुसऱ्याने माल देणं थांबवलं.

माल ताब्यात घेतल्यापासून सहा महिन्यांत कलम १२४ ची नोटीस आली नाही, तर माल परत करावा लागतो. ही मुदत वरिष्ठ अधिकारी लेखी कारणं देऊन आणखी सहा महिने वाढवू शकतो. आमची नोटीस मुदत संपायला थोडे दिवस असताना आली. तोवर कलम ११०अ खाली तात्पुरती सुटका मागून पाहिली होती. बँक हमीची अट व्यापाऱ्याला झेपली नाही. दरम्यान पावसाळा येऊन गेला आणि सुपारी सरकारी गोदामात होती.

आदेश आला तो असा. २७८ पोत्यांबाबतची कार्यवाही मागे. ती परदेशी असल्याचा पुरावा नाही, आणि बिल २१० चं असो की ३०० चं, बिल नसणं म्हणजे तस्करी नव्हे, असं अधिकाऱ्याने एका परिच्छेदात स्वच्छ लिहिलं. कुठली नव्वद पोती बिनबिलाची, हे वेगळं काढताच येत नाही, कारण बिलावर पोत्यांचे नंबर नव्हते, हेही त्याने नोंदवलं. दुहेरी बारदानाची बावीस पोती सरकारजमा. बंदी असलेल्या मालाला कलम १२५ खाली दंड भरून सोडवण्याचा पर्याय द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं, एरवी तो द्यावाच लागतो. इथे दिला नाही. शिवाय त्या बावीस पोत्यांपुरता कलम ११२ खाली व्यापाऱ्याला दंड.

२७८ पोती सुटली तेव्हा पुन्हा धर्मकाट्यावर घातली. वजन घटलेलं होतं. वरच्या थरातल्या पोत्यांना बुरशी चढली होती आणि आता ती खरोखरच सडकी सुपारी झाली होती. ती व्यापाऱ्याने खाद्य म्हणून विकली नाही, निदान मला तरी तसंच सांगितलं. अन्न प्रशासनाच्या अहवालात, म्हणजे पावसाळ्याआधीच्या नमुन्यांत, एक नमुना ठीक होता आणि एक कमी प्रतीचा. असुरक्षित कुठलाच नव्हता. कमी प्रतीच्या मालाचं प्रकरण फौजदारी कोर्टात जात नाही, न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतं, आणि दंडाची कमाल मर्यादा ५ लाख रुपये आहे.

पेपरला आम्ही आदेशाची प्रत पाठवली. आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. मथळा होता: ‘सुपारी तस्करी प्रकरणात व्यापाऱ्याला दिलासा’. बातमीदार ओळखीचा होता, त्याला फोन केला. ‘मग काय लिहू?’ त्याने विचारलं. ‘सुपारी जप्ती प्रकरण’ लिही म्हटलं. तो म्हणाला, त्याने कुणी वाचत नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण ऑनलाइन आवृत्तीत शीर्षक बदललं आणि माल देणं थांबवलेल्या त्या दुसऱ्या पुरवठादाराला व्यापाऱ्याने तीच लिंक पाठवली.

दंडाविरुद्ध आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांच्या आत अपील दाखल केलं आहे. त्यासाठी दंडाच्या साडेसात टक्के रक्कम भरावी लागली. बावीस पोत्यांबद्दल आम्ही भांडत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की कलम ११२(ब) चा दंड लावायला माल सरकारजमा होण्यास पात्र आहे हे मालकाला ठाऊक होतं, किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण होतं, हे दाखवावं लागतं. ‘ठाऊक होतं’ हे खात्याने फक्त त्या हिंदी ओळीवरून काढलं आहे. अन्न प्रशासनाच्या प्रकरणाची पुढची तारीख लागायची आहे.